वादळात देवाचा धावा केला, तरी गुलामांचा व्यापार सुटला नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारे जॉन न्यूटन कोण होते?

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी २६ जून २०१५ रोजी चार्ल्सटनमध्ये एका कृष्णवर्णीय पाद्रींच्या अंत्यसंस्कारावेळी भाषण थांबवून ‘अमेझिंग ग्रेस’ गायला सुरुवात केली. अख्खं सभागृह सोबत गाऊ लागलं. देवाच्या कृपेचं हे गीत लिहिणारा माणूस मात्र एकेकाळी आफ्रिकी गुलामांची वाहतूक करणारा कप्तान होता. नाव जॉन न्यूटन. (गुरुत्वाकर्षणवाले न्यूटन वेगळे!)

सुरुवात कशी झाली?

न्यूटन यांचा जन्म १७२५ मध्ये लंडनचा. सातवं वर्ष पूर्ण होण्याआधीच आई गेली. वडील जहाजाचे कप्तान, त्यामुळे अकराव्या वर्षीच ते समुद्रावर गेले. १७४४ मध्ये त्यांना नौदलात जबरदस्तीने भरती करण्यात आलं. पळून जाताना पकडले गेले आणि फटके खाल्ले. पुढे पश्चिम आफ्रिकेत एका गुलाम व्यापाऱ्याकडे त्यांचे खूप हाल झाले.

वादळाच्या रात्री काय घडलं?

मार्च १७४८. ‘ग्रेहाऊंड’ हे जहाज अटलांटिकमध्ये वादळात सापडलं. जहाजात पाणी शिरलं. देवाची टिंगल करणारे न्यूटन त्या रात्री देवाकडे दयेची याचना करू लागले. जहाज कसंबसं किनाऱ्याला लागलं. हा दिवस ते आयुष्यभर पाळत राहिले.

त्या रात्रीनंतर त्यांनी गुलामांचा व्यापार सोडला, असं अनेकदा सांगितलं जातं. प्रत्यक्षात तसं झालं नाही. १७५० ते १७५४ या काळात गुलामवाहू जहाजांचे कप्तान म्हणून त्यांनी तीन सफरी केल्या. जहाजावर ते प्रार्थना घेत, आणि त्याच जहाजाच्या तळाशी साखळदंडातली माणसं दाटीवाटीने कोंबलेली असत. बंडाचा संशय आला तेव्हा कैद्यांचे अंगठे स्क्रूने आवळल्याची नोंद त्यांच्याच रोजनिशीत आहे. १७५४ मध्ये समुद्र सुटला, तोही आजारपणामुळे.

पाप आणि कृपा म्हणजे नेमकं काय?

ख्रिस्ती श्रद्धेत पाप म्हणजे केवळ वाईट कृत्यांची यादी नाही. माणसाचं देवाशी असलेलं नातं तुटणं, हा त्याचा मूळ अर्थ. हे नातं माणूस स्वतःच्या पुण्याईने जोडू शकत नाही. येशूने क्रुसावर त्याची किंमत मोजली, म्हणून लायकी नसतानाही क्षमा मिळते. ही कृपा.

मग क्षमा मिळाली की विषय संपला का? न्यूटन यांचं पुढचं आयुष्य याचं उत्तर देतं.

३४ वर्षांनी कबुली

लिव्हरपूलमध्ये कस्टम्सची नोकरी केल्यानंतर ते १७६४ मध्ये ओल्नी गावात धर्मगुरू झाले. १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी त्यांनी ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिलं, असं मानलं जातं. गीतात स्वतःला पापी म्हणणारे न्यूटन गुलामांच्या व्यापाराबद्दल मात्र जाहीरपणे बोलत नव्हते.

१७८५ मध्ये तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स त्यांच्याकडे सल्ल्यासाठी आले. धर्मकार्यासाठी राजकारण सोडावं का, हा प्रश्न होता. न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहायला सांगितलं. १७८८ मध्ये न्यूटन यांनी स्वतः पुस्तिका काढली. जहाजावर काय चालतं, हे तपशिलात लिहिलं. आपण त्यात सहभागी होतो आणि कबुलीला फार उशीर केला, हेही मान्य केलं. पुढे संसदेच्या समितीसमोर साक्षही दिली. हे सगळं समुद्र सोडल्यानंतर तब्बल ३४ वर्षांनी!

ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा २५ मार्च १८०७ रोजी मंजूर झाला. तो पाहूनच न्यूटन यांनी त्याच वर्षी २१ डिसेंबरला डोळे मिटले.

देवाने आपल्याला क्षमा केली, यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास होता. पण त्या विश्वासाने त्यांचं पाप हलकं केलं नाही. उलट, ते लपवायची गरज उरली नाही. ज्यांना त्यांनी साखळदंडात विकलं, त्यांच्यासाठी मात्र ही कबुली फार उशिरा आली होती.