फुल्यांनी ज्या मंडईला विरोध केला, तिलाच पुढे त्यांचं नाव लागलं

हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर. सुट्ट्या लागल्या की रायगडच्या किनाऱ्यावरची ही गावं गाड्यांनी भरून जातात. पर्यटनावर चालणाऱ्या गावांत एक वाद कायमचा असतो. पैसा आला तर आधी काय करायचं? समुद्राकाठी बाग, बाकडी आणि रोषणाई, की रस्त्यातले खड्डे, गटारं आणि पाणी?

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं असतं. गाव देखणं झालं तर पर्यटक येतात, चार घरांत पैसा येतो. पण पर्यटक दोन दिवसांनी परत जातो आणि खड्ड्यांतून रोज गावकऱ्यालाच जावं लागतं.

हा वाद आजचा नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुणे नगरपालिकेत एक सदस्य याच मुद्द्यावर एकटा उभा राहिला होता. त्यांचं नाव जोतीराव गोविंदराव फुले.

मुलींची शाळा काढणारे फुले सगळ्यांना माहीत आहेत. सत्यशोधक समाजाचे फुलेही माहीत आहेत. पण नगरपालिकेत बसून एकेका रुपयाचा हिशोब मागणारे फुले फारसे कुणाला ठाऊक नसतात.

हरिहरेश्वर ते पुणे

गोष्ट तशी या किनाऱ्यापासूनच सुरू होते. पेशव्यांचं भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं आणि हरिहरेश्वर हे त्यांचं कुलदैवत. हे घराणं घाटावर आलं आणि पुढे पुणे हे मराठी राज्याच्या कारभाराचं केंद्र बनलं.

त्याच पेशव्यांना फुलं पुरवायचं काम एका माळी कुटुंबाकडे आलं. हे कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि तेच नाव कायम झालं.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. त्यानंतर ९ वर्षांनी, ११ एप्रिल १८२७ रोजी या घरात जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई त्यांच्या लहानपणीच गेल्या. पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचं इंग्रजी शिक्षण झालं. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. १८६८ मध्ये त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

समाजसुधारक, पण धंदा कंत्राटदाराचा

फुले पोटापाण्यासाठी काय करत होते, हे इथे समजून घ्यायला हवं. ते व्यावसायिक होते. शेती होती, फुलं-भाजीचा व्यापार होता आणि बांधकामाची कंत्राटंही होती. खडकवासल्याचं धरण आणि येरवड्याचा पूल अशा मोठ्या सरकारी कामांशी त्यांचा संबंध आला.

म्हणजे दगडाला काय भाव पडतो, चुन्याला किती लागतात, मजुराच्या हातात किती पडतात आणि मधल्या मध्ये किती गायब होतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. खर्चाचा कागद समोर आला की तो वाचायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

असा माणूस १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचा सदस्य झाला. १८८२ पर्यंत ते या पदावर होते.

तेव्हाची नगरपालिका कशी होती?

आजच्यासारखी निवडणूक नव्हती. फुले सदस्य झाले तेव्हा सदस्य सरकार नेमायचं. लोकांनी निवडून दिलेल्यांना स्थानिक कारभारात मोठी जागा देण्याचं धोरण व्हाइसरॉय रिपन यांनी आणलं, ते १८८२ मध्ये.

रस्ते, दिवाबत्ती, सफाई, पाणी ही कामं नगरपालिकेची. आणि पैसा कुठून यायचा? मुख्य म्हणजे जकातीतून. शहरात येणाऱ्या मालावर कर बसायचा आणि तो शेवटी विकत घेणाऱ्याच्या खिशातून जायचा. श्रीमंताच्या घरी धान्य लागतं, तसं मजुराच्या घरीही लागतं. त्यामुळे तिजोरीत गरिबाचाही पैसा होता, पण तो कुठे खर्चायचा हे ठरवताना गरीब तिथे बसलेला नसायचा.

फुले बोलत होते ते याच रिकाम्या खुर्चीच्या वतीने.

३२ सदस्य आणि एक विरोध

लॉर्ड लिटन १८७६ ते १८८० या काळात भारताचे व्हाइसरॉय होते. याच काळात दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. माणसं गावं सोडून अन्नासाठी वणवण फिरत होती. फुल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला.

अशा वेळी लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायचं ठरलं. स्वागतासाठी १,००० रुपये खर्च करायचा प्रस्ताव नगरपालिकेत आला. तेव्हा ही रक्कम मोठी होती.

फुल्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कमानी आणि रोषणाईवर उधळण्यापेक्षा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावावा.

मत द्यायची वेळ आली आणि ३२ सदस्यांमध्ये विरोधात उभे राहिले एकटे फुले. प्रस्ताव मंजूर झाला.

यात धोका काय होता, तेही बघा. सदस्यत्व सरकारने दिलेलं. कंत्राटं सरकारी. आणि विरोध कुणाच्या स्वागताला, तर देशातल्या सगळ्यात मोठ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या. गप्प बसले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं.

१८८० मध्ये त्यांनी आणखी एक विषय लावून धरला. पुण्यात दारूची दुकानं वाढत होती. या दुकानांमुळे कुटुंबं उद्ध्वस्त होतात, लोकांच्या आरोग्याची काळजी नगरपालिकेनं घ्यायची असते, मग या दुकानांना आवर नको का, असं त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहून विचारलं.

आणि मग आली मंडई

पुण्याचा भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरायचा. त्याऐवजी शुक्रवार पेठेत एक भव्य इमारत बांधायची योजना पुढे आली. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि खर्च लाखोंच्या घरात.

फुले आणि त्यांचे सहकारी हरि रावजी चिपळूणकर यांनी या खर्चाला विरोध केला. मुद्दा तोच. लाखो रुपये दगडी इमारतीत घालायचे, तर गरिबांच्या मुलांच्या शाळांना पैसा कधी मिळणार?

दुसरी बाजूही खोटी नव्हती. उघड्या मैदानात ऊन-पावसात बसणाऱ्या विक्रेत्यांना छप्पर हवं होतं, वाढत्या शहराला स्वच्छ बाजार हवा होता. फुले स्वतः भाजीपाल्याच्या व्यापारातले, त्यांना बाजाराचं महत्त्व कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांचा वाद होता तो क्रमाचा. आधी काय आणि नंतर काय.

१८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला, तेव्हा त्यांनी हाच हिशोब अख्ख्या राज्यकारभाराला लावला. महसूल भरतो शेतकरी, पण त्या पैशातून उच्च शिक्षण मिळतं वरच्या वर्गाला. म्हणून सरकारने आधी प्राथमिक शिक्षणाकडे बघावं, असं निवेदन त्यांनी दिलं.

विरोध बाजूला पडला आणि इमारत उभी राहिली. १८८६ मध्ये ती खुली झाली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले.

शेवटपर्यंत तोच हिशोब

१८८८ मध्ये ब्रिटिश राजघराण्यातले ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात समारंभ झाला. यजमान होते हरि रावजी चिपळूणकर. दागिने आणि भारी कपड्यांतल्या पाहुण्यांमध्ये फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. समोरचे हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा बघायची तर खेड्यांत जा, असं त्यांनी ड्यूकला सुनावलं.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जाहीर सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, पण डाव्या हाताने त्यांनी लिखाण सुरू ठेवलं. पैशांची ओढाताण होतीच. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं.

पुणे नगरपालिकेशी त्यांचं नातं मात्र तिथे संपलं नाही. १९२५ मध्ये त्यांचा पुतळा बसवायचा ठराव आला, त्यावरून शहरात मोठा गदारोळ झाला आणि ठराव नामंजूर झाला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले. त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचं नाव बदललं आणि नवं नाव ठेवलं गेलं महात्मा फुले मंडई.

म्हणजे ज्या इमारतीच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचं नाव लागलं. कुणाला हा विनोद वाटतो, कुणाला न्याय. मंडई शंभर वर्षांहून जास्त काळ पुणेकरांच्या कामी आली, हेही खरंच आहे.

पण फुल्यांचा प्रश्न इमारत चांगली की वाईट हा नव्हताच. पैसा कुणाचा, तो आधी कुणासाठी खर्च होणार आणि ठरवताना तो माणूस खोलीत आहे का, एवढंच ते विचारत होते. तुमच्या गावच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी सुशोभीकरणाचा ठराव आला, तर हे तीन प्रश्न विचारून बघा. विचारणारे तुम्ही एकटेच असाल कदाचित. फुलेही एकटेच होते.