विषावर औषध शोधणारे डॉक्टर

मुलांनो, डहाणू-तलासरीकडे चिकूच्या वाडीत काम करताना किंवा सरपण उचलताना एखाद्याला कोळी चावला, तर तुम्ही काय कराल? (मासे पकडणारा कोळी नव्हे, आठ पायांचा!) त्याआधी दूरच्या एका डॉक्टरांची गोष्ट ऐका.

व्हिटाल ब्राझील यांचा जन्म १८६५ साली ब्राझील देशात झाला. त्यांच्या नावातच देशाचे नाव होते. तेथील शेतमजूर साप चावून मरत, हे त्यांनी डॉक्टर झाल्यावर पाहिले. फ्रान्समध्ये नागाच्या विषावर औषध निघाले होते. पण ते ब्राझीलच्या सापांवर चालेना. जसे विष तसे औषध, हे त्यांनी दाखवून दिले. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचे, अशी ती रीत होती. शेतकरी त्यांना पेटीतून जिवंत साप पाठवत आणि बदल्यात औषध घेत! पुढे १९२५ च्या सुमारास त्यांनी कोळ्यांच्या विषाचाही अभ्यास केला. १९५० साली ते वारले.

आपल्याकडील बहुतेक कोळी फारसे विषारी नसतात. जखम साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. जखम कापू नका, चोखू नका. सूज वाढली, घाम किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मांत्रिकाकडे न जाता सरकारी दवाखान्यात जा. कोळी दिसला असेल तर तो कसा होता, हे डॉक्टरांना सांगा.