शत्रूच्या पोरांसाठी पत्रकं वाटली म्हणून तिला अटक झाली, आणि सरकारी वकिलानेच पहिली देणगी दिली

बारावी किंवा ग्रॅज्युएशन झालं की एक वर्ष ब्रेक घ्यायचा, परदेशात जाऊन गरीब मुलांना शिकवायचं, फोटो टाकायचे आणि परत यायचं. 'गॅप इयर' हा प्रकार आता आपल्याकडच्या पोरांनाही चांगलाच माहिती झालाय. त्यावर टीकाही तेवढीच होते. महिना-दोन महिन्यांसाठी येणाऱ्या पाहुण्याचा त्या मुलांना नेमका उपयोग काय, असं लोक विचारतात.

याच्या जवळ जाणारा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज बाईला पडला होता. तिचं नाव एग्लंटाइन जेब. 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था तिने आणि तिच्या बहिणीने सुरू केली.

गंमत म्हणजे या बाईला मुलांमध्ये रमण्याची फारशी आवड नव्हती. 25 ऑगस्ट 1876 ला इंग्लंडच्या श्रॉपशायर भागात, खात्यापित्या घरात तिचा जन्म झाला. ऑक्सफर्डला जाऊन ती इतिहास शिकली. त्या काळात मुलीने ऑक्सफर्ड गाठणं ही साधी गोष्ट नव्हती. मग गरिबांच्या मुलांना शिकवायचं या ध्येयाने ती मार्लबरो गावात शाळामास्तरीण झाली. पण वर्गातला गोंगाट, दिवसभर उभं राहणं, बिघडत चाललेली तब्येत, यातलं काही तिला झेपलं नाही. जेमतेम वर्षभर कसंबसं काढून तिने नोकरी सोडली. शिक्षिका म्हणून आपण नापास झालो, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं होतं.

त्यानंतर ती केंब्रिजला आली. तिथल्या गरीब वस्त्यांचा अभ्यास करून 1906 साली तिने एक पुस्तक लिहिलं. कोण किती कमावतं, घरं कशी आहेत, मदत कुठे पोहोचते आणि कुठे वाया जाते, याची मोजदाद करायची सवय तिला इथे लागली. पुढे हीच सवय कामाला आली.

1913 साल उजाडलं. बाल्कन युद्धांमुळे मॅसिडोनियाच्या भागात हजारो माणसं बेघर झाली होती. तिथल्या मदतनिधीच्या कामात तिचे मेहुणे, म्हणजे धाकटी बहीण डोरोथीचे यजमान चार्ल्स बक्स्टन, पुढे होते. त्या निधीतर्फे 36 वर्षांची एग्लंटाइन तिकडे गेली. काही आठवडेच राहिली. पण निर्वासितांची उपासमार, आजारपण आणि एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्यांची जाळलेली गावं तिने डोळ्यांनी पाहिली. ती परतली ते दोन गोष्टी मनाशी पक्क्या करूनच. एक, नुसती भाकरी वाटून निर्वासित पुन्हा पायावर उभा राहत नाही. दोन, या सगळ्याचं मूळ युद्धात आहे.

पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

आता खरी हिंमत डोरोथीने दाखवली. शत्रूदेशांची वर्तमानपत्रं मागवायची सरकारी परवानगी तिने मिळवली आणि त्यातल्या बातम्या भाषांतर करून 'केंब्रिज मॅगझिन'मध्ये छापायला सुरुवात केली. एग्लंटाइनही या कामात उतरली. ब्रिटिश पेपरांत जर्मन म्हणजे राक्षस असं चित्र असताना या दोघी तिथली माणसं कशी जगतायत हे वाचकांपुढे मांडत होत्या. शिव्याही खाल्ल्या.

नोव्हेंबर 1918 मध्ये बंदुका थांबल्या. नाकेबंदी मात्र थांबली नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने तहावर सही करावी म्हणून दोस्त राष्ट्रांनी ती 1919 च्या उन्हाळ्यापर्यंत रेटली. बर्लिन-व्हिएन्नातल्या मुलांना दूध मिळेना. हाडं वाकलेली, डोकं मोठं आणि अंग काटकुळं अशी पोरं दवाखान्यांत दिसू लागली.

वसंत ऋतूत एग्लंटाइन लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पत्रकं वाटायला उभी राहिली. पत्रकावर अशाच एका ऑस्ट्रियन बाळाचा फोटो होता आणि नाकेबंदी उठवा अशी मागणी. पत्रक सेन्सॉरकडून मंजूर करून घेतलेलं नव्हतं. युद्धकाळातला कायदा अजून लागू होता. पोलिसांनी तिला अटक केली.

मे महिन्यात खटला चालला. तिने स्वतःची बाजू स्वतःच मांडली. कायद्याच्या हिशोबाने ती दोषी होतीच, पण तिचा भर होता नीतीच्या प्रश्नावर. शिक्षा झाली अवघ्या 5 पौंडांच्या दंडाची. निकालानंतर सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन तिच्याजवळ आले आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून 5 पौंड काढून तिच्या हातावर ठेवले. तिने ते दंडापोटी न भरता मुलांच्या निधीत जमा केले. हीच 'सेव्ह द चिल्ड्रन'ची पहिली देणगी मानली जाते.

लगेच 19 मे 1919 ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जाहीर सभा झाली. देशद्रोही बायकांवर फेकायला काही जण सडकी फळं घेऊन आले होते असं सांगतात. ती फेकली गेली नाहीत, उलट पैसे जमा झाले.

हा अटकेचा किस्सा इतका रंगवून सांगितला जातो की पुढची दहा वर्षं झाकून जातात. खरं काम तिथे आहे. चर्चची मदत हवी म्हणून ही प्रोटेस्टंट घरातली बाई थेट पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्यापर्यंत पोहोचली, आणि पोपनी जगभरच्या चर्चना मुलांसाठी निधी गोळा करायला सांगितलं. तिने पेपरांत पानभर जाहिराती दिल्या. दानाच्या पैशातून जाहिराती कशाला, म्हणून ओरड झाली. पण जाहिरातीतून खर्चापेक्षा कितीतरी जास्त येतं हे ती आकड्यांनी दाखवायची.

1921 मध्ये रशियात भीषण दुष्काळ पडला. आता तर बोल्शेविकांची मुलं! 'डेली एक्सप्रेस'ने तिच्याविरुद्ध मोहीमच उघडली. संस्थेने तरीही 'टॉर्सेलो' नावाचं जहाज भाड्याने घेऊन 600 टन सामान पाठवलं आणि व्होल्गाकाठच्या सारातोव्ह भागात अन्नछत्रं उघडली. दुष्काळाचं चित्रीकरण करून ती फिल्म इंग्लंडमध्ये गावोगाव दाखवली. त्या फिल्मने पेपरवाल्यांची तोंडं बरीचशी बंद केली.

पण एक दुष्काळ संपला की दुसरा येणार, आणि लोकांना दया येईल तेव्हाच पोरांच्या पोटात घास जाणार, हे तिला खुपत होतं. दया आटली तर काय? म्हणून 1923 साली जिनिव्हात बसून तिने फक्त पाच कलमांचा एक मसुदा लिहिला. उपाशी मुलाला अन्न, आजाऱ्याला उपचार, अनाथाला आसरा, संकटात सर्वात आधी मदत मुलांना, शोषणापासून संरक्षण. आणि हे सगळं त्याचा वंश, देश, धर्म न पाहता. उपकार नाही, हक्क. पुढच्याच वर्षी राष्ट्रसंघाने तो मसुदा मान्य केला. 1959 चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आणि 1989 चा बालहक्क करार त्याच धाग्यातून आले. भारताने तो करार डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारला.

हे बघायला ती अर्थातच नव्हती. थायरॉइडच्या आजाराने तिला वर्षानुवर्षं छळलं होतं. 17 डिसेंबर 1928 ला, वयाच्या 52 व्या वर्षी, जिनिव्हातच तिचा मृत्यू झाला. लग्न नाही, स्वतःचं मूल नाही. तिथल्याच एका साध्या दफनभूमीत तिला पुरलं. जवळपास 95 वर्षांनी, 2024 मध्ये, जिनिव्हाने तिचे अवशेष शहरातल्या मानाच्या 'सिमेतिएर दे रुआ' दफनभूमीत हलवले.