वाघाने स्वतःच दाबलं शटर! कॅमेरा ट्रॅपमागच्या चॅम्पियन साहेबाची गोष्ट

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य जेमतेम २०५ चौरस किलोमीटरचं. बिबट्या, अस्वल, नीलगाय, रानडुक्कर ही इथली नेहमीची मंडळी. २०१९ च्या डिसेंबरमध्ये इथे एक पाहुणा आला आणि अभयारण्याचं नाव एकदम देशभर गेलं. यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये जन्मलेला टी१-सी१ हा तरुण वाघ विदर्भ आणि तेलंगणातलं रान, शेतं, रस्ते तुडवत इथवर पोचला होता. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा माग नकाशावर दिसत होता. पुढे २०२० मध्ये ती कॉलर काढली गेली. मग हा वाघ पुन्हा कुठे दिसला तर तो तोच आहे, हे ओळखायचं कसं?

अंगावरच्या पट्ट्यांवरून. आपल्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. जंगलातल्या वाघांचे फोटो काढून, ते शेजारी शेजारी ठेवून ही ओळख पटवणारा सुरुवातीचा माणूस म्हणजे फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन. त्याचं काम आपल्याकडे नाही, हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्यांत चाललं. पण आज जंगलातल्या झाडांना जे कॅमेरे बांधलेले असतात, त्यांचं मूळ शोधत गेलं की आपण याच माणसाजवळ येऊन थांबतो.

चॅम्पियनचा जन्म १८९३ चा, इंग्लंडमधल्या सरे भागातला. वडील कीटकांचे मोठे अभ्यासक. भाऊ हॅरी हाही पुढे वनअधिकारी झाला, आणि भारतातल्या जंगलांचे प्रकार त्यानेच ठरवले. आपल्या विदर्भातल्या जंगलाला वनखातं आजही कागदोपत्री 'शुष्क पानगळी' म्हणतं, ते त्याच वर्गवारीतून. थोडक्यात काय, घरातच जंगल होतं.

१९१३ मध्ये फ्रेडरिक भारतात आला, आधी पूर्व बंगालमध्ये पोलीस खात्यात. १९१६ मध्ये लष्करात गेला. पहिल्या महायुद्धाच्या त्या काळानंतर त्याला मौजेखातर प्राणी मारणं नकोसं झालं. युद्ध संपल्यावर तो संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, वनअधिकारी म्हणून रुजू झाला. आता विचार करा, त्या काळात साहेब म्हटलं की बंदूक आलीच. मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढणं हीच प्रतिष्ठा. वाघ मारला की सरकारकडून बक्षीसही मिळायचं. अशा खात्यात हा माणूस कॅमेरा घेऊन जंगलात शिरला.

दिवसा तो हत्तीवर बसून फोटो काढायचा. पण वाघ फिरतो मुख्यतः रात्री, आणि तेव्हा आपल्या मोबाइलसारखा नाइट मोड कुठून असणार? त्याने जी पद्धत हाताशी धरली तिला म्हणतात ट्रिपवायर. ही कल्पना मुळात त्याची नव्हे. अमेरिकेत जॉर्ज शायरस याने असे रात्रीचे फोटो आधीच काढले होते. चॅम्पियनने ती भारतात आणून वाघावर वापरली.

पद्धत अशी. जनावराच्या नेहमीच्या वाटेवर एक बारीक तार आडवी लावायची. बाजूला कॅमेरा आणि मॅग्नेशियमच्या पावडरीचा फ्लॅश. वाघाचा पाय तारेला लागला की विजेचं सर्किट पूर्ण व्हायचं, पावडर भपकन पेटायची आणि त्याच क्षणी शटर उघडून बंद व्हायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण ती पावडर ओल धरली की बिघडते आणि जंगलात रात्री दव तर पडणारच. वर एका सापळ्यात एका रात्री फोटो एकच. वाघाच्या आधी साळिंदर येऊन तारेत अडकलं तर रात्र वाया. फोटो आला की नाही, हे फिल्म धुतल्यावरच कळणार. आज आपण एका सेकंदात दहा फ्रेम काढून नऊ डिलीट करतो!

१९२५ मध्ये लंडनच्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने त्याचे जंगलातल्या वाघांचे फोटो छापले. १९२७ मध्ये 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' आणि १९३४ मध्ये 'द जंगल इन सनलाइट अँड शॅडो' ही पुस्तकं आली. त्यात नुसते वाघ नाहीत. बिबटे, अस्वलं, रानकुत्रीही आहेत. मला त्या फोटोंत सगळ्यात आवडतं ते म्हणजे जनावर तिथे आपल्याच नादात चाललेलं असतं. समोर माणूसच नाही, मग घाबरणार कशाला?

आता आजच्या कॅमेरा ट्रॅपकडे येऊ. तार गेली, तिच्या जागी पीआयआर सेन्सर आला. हा सेन्सर स्वतः कुठलाही किरण सोडत नाही. समोरून गरम अंगाचं काही सरकलं की उष्णतेतला फरक ओळखतो आणि कॅमेरा जागा करतो. वाघांच्या मोजणीत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असे दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. देशभरातल्या २०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो आले. त्यांत वाघांचे फक्त ७६,६५१. सॉफ्टवेअरने पट्टे जुळवून त्यातून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले. गिनीज बुकातही याची नोंद आहे.

२०२१ मध्ये मराठवाड्यातल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात वाघ दिसला, तेव्हा तो आपला टी१-सी१ आहे हेही पट्ट्यांवरूनच ठरलं. कॉलर नव्हती, फोटो पुरला.

चॅम्पियन मात्र फोटोंवर थांबला नाही. बंदुकीचे परवाने कमी करा, राखीव जंगलात मोटारी आणू नका, प्राणी मारण्याची बक्षिसं घटवा, असा आग्रह त्याने धरला. नोकरी सरकारची आणि मागण्या सरकारच्या शिकारी साहेबांना न रुचणाऱ्या. सोपं नव्हतंच ते. त्याचे फोटो पाहून एका नामांकित शिकाऱ्यानेही कॅमेरा हातात घेतला. तो म्हणजे जिम कॉर्बेट. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे या दोघांचाही हात होता. उद्यानाला आज नाव कॉर्बेटचं आहे, म्हणून चॅम्पियन फारसा कुणाला माहीत नाही.

१९४७ मध्ये तो भारत सोडून पूर्व आफ्रिकेत गेला, तिथेही जंगल खात्यातच. १९७० मध्ये तो वारला. त्याचं निवडक लेखन आणि फोटो 'ट्रिपवायर फॉर अ टायगर' या नावाने २०१२ मध्ये पुन्हा छापले गेलेत. पुस्तक इंग्रजीत आहे, पण फोटो बघायला भाषा लागत नाही. मिळालं तर रात्रीचे वाघ आधी बघा.