नांगर विकणारे भाऊराव

आपल्या बॅचच्या ग्रुपवर दोन महिने एकच चर्चा चालू आहे: जमलेल्या पैशांतून शाळेतल्या गरजू मुलांसाठी काय करायचं? त्या निमित्ताने मला कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी लिहावंसं वाटलं.

दाढी, घोंगडी आणि २२ सप्टेंबर १८८७ ही जन्मतारीख आपण परीक्षेपुरती पाठ केली होती. इंजिनीअर झाल्यावर मला जास्त भावले ते फिरते विक्रेते भाऊराव. मॅट्रिकही न झालेला हा माणूस किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडला. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावं लागतं, त्याच्या घरातली मुलं दिसतात. शाळेत न जाणारी.

४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह आलं. सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीत जेवत, आणि हे त्या काळात! फी नव्हती, पण फुकटही काही नव्हतं. मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत, बांधकामावर माती-दगड वाहत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ म्हणतात ते हेच. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

पण धान्य संपायचंच. तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांची जयंती आपण कधी साजरी केली नाही, हे मला आता खटकतं.

१९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, तिथेही कमवून शिकायची सोय होती. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले.

आपल्या लाखनीत रोवणीच्या दिवसांत वर्गातली बाकं रिकामी व्हायची, आठवतं ना? ती मुलं आळशी नव्हती, बांधीत होती. म्हणून नुसती फी वाटू नये असं मला वाटतं. शाळेची संगणक खोली दिवाळीच्या सुट्टीत अकरावी-बारावीच्या मुलामुलींकडून दुरुस्त करून घेऊ. वायरिंग शिकवायला गावातले मिस्त्री येतील, संगणकाचं मी बघते. रोजची मजुरी मात्र मुलांना मोजून द्यायची. सर, बाई, शाळेची परवानगी तेवढी मिळवून द्या.