डॉ. आनंदीबाई जोशी : जिला कोणी विचारले नाही ती आई



25 मार्चला गाब्रिएल दूताने पवित्र मरियेला दिलेल्या निरोपाचा सण येतो, आणि 31 मार्चला डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्मदिवस. आनंदीबाई ख्रिस्ती नव्हत्या व शेवटपर्यंत झाल्या नाहीत. तरीही आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक आईने, आणि त्याहून अधिक प्रत्येक पतीने व सासूने, त्यांचे चरित्र जाणून घ्यावे असे आम्हांला वाटते.

1865 साली जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणचे. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते विधुर होते व वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले. बायकोला शिकवायचेच हा त्यांचा ध्यास होता. पण त्या ध्यासात कडकपणा होता, प्रसंगी मारहाणही होती. शिकायचे की नाही, हेही तिला कोणी विचारले नव्हते.

चौदाव्या वर्षी आनंदी बाळंत झाली. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. त्या काळी घरातल्या अंधाऱ्या खोलीत, मिळेल त्या सुईणीच्या हातून बाळंतपणे होत. अनुभवी सुईण असली तर निभावत असे. अडले तर पुढे दार बंद, कारण पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देण्यापेक्षा बायका मरण पत्करत आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हतीच. या दुःखातून आनंदीबाईंचा निश्चय झाला : आपणच डॉक्टर व्हायचे.

अमेरिकेत शिकण्यासाठी गोपाळरावांनी मिशनऱ्यांकडे मदत मागितली. उत्तर आले ते धर्मांतर सुचवणारे. आपण ख्रिस्ती लोकांनी हे मान खाली घालून वाचावे. तो पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला, आणि 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता या अनोळखी मुलीला घर देऊ केले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या. आपण का जातो, एकट्या का जातो, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असेही स्पष्ट केले. वय होते अठरापेक्षा कमी. लहानपणापासून सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतलेल्या मुलीने हा निर्णय स्वतःच्या तोंडाने मांडला.

त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. थंडी सोसेना, प्रकृती ढासळत गेली. पण 11 मार्च 1886 रोजी त्यांनी एम. डी. पदवी घेतली. पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या बाळाची आई शेवटी याच विषयाकडे वळली.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती; पण ती सांभाळणे नशिबी नव्हते. क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे विसावल्या आहेत.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या बाबतीत उशीर केला. धर्मभगिनींना प्रसूतीचे काम करण्याची सर्वसाधारण मोकळीक रोमने 1936 साली दिली, म्हणजे आनंदीबाई गेल्यानंतर 49 वर्षांनी. त्यासाठी डॉ. ॲग्नेस मॅकलॅरन व डॉ. ॲना डेंगल यांना फार झगडावे लागले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एक गोष्ट शिकलो : ज्याला माहिती नाही, त्याची संमती ही पुरी संमती नव्हे. संत लूकच्या शुभवर्तमानात देवदूत आधी सांगतो, मरिया प्रश्न विचारते, तो उत्तर देतो, आणि मग तिच्या होकारासाठी थांबतो. प्रत्यक्ष देव एका मुलीच्या उत्तरासाठी थांबला. मग आपण कोण न थांबणारे? त्यानंतर मरिया एलिझाबेथकडे गेली व तीन महिने राहिली. गरोदर बाईला सोबत लागते, हेही त्यात आले.

आज पवनी, लाखांदूर, तुमसरच्या खेड्यांत आशाताई घरी येतात, गरोदर बाईला दवाखान्यात नेण्यासाठी 102 क्रमांकाची गाडी आहे. केंद्र सरकारने 2016 साली सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीची बाई असावी असे मान्य केले, आणि 2018 साली खास प्रशिक्षित परिचारिका-सुईणी तयार करण्याचे धोरण ठरवले. पूर्वीच्या सुईणीची माया आणि शिकलेल्या हातांचे ज्ञान, दोन्ही आईला मिळावे हाच त्यामागचा हेतू. घरी बाळंत व्हावे असे एखादीला वाटले, तर तिला झिडकारू नका. सोबत प्रशिक्षित सुईण आहे का, अडल्यास दवाखाना किती दूर, रक्तदाब व रक्त तपासले का, हे तिच्यासमोर मांडा. रक्त जाणे, झटके येणे, चेहऱ्यावर सूज, डोळ्यांसमोर अंधारी, बाळाची हालचाल मंदावणे : यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये. आणि दवाखान्यात गेल्यावरही, काय करणार आणि का, हे विचारण्याचा तिचा हक्क तिच्याकडेच राहतो.

या आठवड्यात घरातल्या गरोदर सुनेला, लेकीला एवढेच विचारा : बाई, तुला काय वाटते? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

पवित्र मरिये, आमच्या धर्मग्रामातील सर्व गरोदर मातांसाठी विनंती कर. आमेन.

— तुमचे धर्मगुरू