बोरिस लेव्हिन्सन

बोरिस मेयर लेव्हिन्सन (इ.स. १९०७ - इ.स. १९८४) हे अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ होते. मुलांच्या मानसोपचारात पाळीव प्राण्यांचा, विशेषतः कुत्र्याचा, उपयोग पद्धतशीरपणे मांडणारे ते आद्य अभ्यासक मानले जातात.

जीवन

लेव्हिन्सन यांचा जन्म लिथुआनियात झाला. किशोरवयात ते अमेरिकेत आले. न्यू यॉर्क विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविल्यानंतर त्यांनी त्याच शहरातील येशिवा विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन केले. त्याबरोबरच ते मुलांवर मानसोपचारही करीत.

जिंगल्सचा प्रसंग

इ.स. १९५०च्या दशकात एक पालक आपल्या अबोल, स्वतःत मिटलेल्या मुलाला घेऊन ठरलेल्या वेळेच्या आधीच त्यांच्याकडे आले. पूर्वीचे उपचार निष्फळ ठरले होते. एरवी रुग्ण येण्याआधी दुसरीकडे हलविला जाणारा लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स त्या दिवशी खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला. मूल न घाबरता त्याला बिलगले आणि पुन्हा येण्याची इच्छा त्याने स्वतः व्यक्त केली. आरंभीच्या भेटींत ते कुत्र्याशीच खेळे. हळूहळू या खेळात लेव्हिन्सन यांनाही स्थान मिळाले व उपचारांना वाट मोकळी झाली.

लेखन

या अनुभवावर आधारित निबंध त्यांनी इ.स. १९६१मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अधिवेशनात वाचला. काही श्रोत्यांनी त्याची थट्टा केली. तरीही पुढील वर्षी त्यांनी कुत्र्याला सहउपचारक संबोधणारा लेख प्रसिद्ध केला. इ.स. १९६९ व १९७२मध्ये त्यांचे या विषयावरील ग्रंथ प्रकाशित झाले. कुत्रा हा उपचारकाला पर्याय नसून मूल व उपचारक यांना जोडणारा दुवा आहे, अशी त्यांची भूमिका होती.

शाळा आणि वारसा

निवासी शाळांतील पाळीव प्राण्यांच्या उपयुक्ततेचाही त्यांनी अभ्यास केला. चुका काढणाऱ्या, तुलना करणाऱ्या मोठ्यांपुढे गप्प होणारे मूल प्राण्यासमोर निःसंकोच होते, हे या विचाराचे मर्म होय. इ.स. १९९९मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, वाचनात मागे पडलेल्या मुलांनी प्रशिक्षित कुत्र्याला पुस्तक वाचून दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा उपक्रमांत कुत्र्यासोबत त्याचा प्रशिक्षित सांभाळकर्ता असतो. मुलांची ॲलर्जी, भीती आणि कुत्र्याची विश्रांती यांचाही विचार करावा लागतो. लेव्हिन्सन यांच्या निधनानंतर विस्तारलेल्या या कार्याचा पाया त्यांच्या संशोधनात आढळतो.